फोर्टमध्ये जुनी मुंबई चित्रित करायची असेल तर

प्रश्न असा आहे: १९४० च्या दशकातील मुंबईवर एक मालिका करायची आहे, तिच्यातील रस्त्यावरची दृश्ये फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये प्रत्यक्ष जाऊन घेता येतील का, की सगळे चित्रनगरीत सेटवर उभारलेले बरे, आणि प्रत्यक्ष जायचे ठरले तर कोणती तयारी करावी लागेल. या भागात लोकेशनचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

फोर्टमध्ये चित्रीकरण करता येते आणि करावेही, परंतु कॅमेऱ्याच्या चौकटीत येणारे सगळेच तिथे जुने नाही, हे पहिल्या रेकीच्या (लोकेशन आधी पाहून येण्याच्या फेरीच्या) आधीच मनात पक्के असावे. चौकटीचा मधला पट्टाच जुना आहे. पहिल्या मजल्यापासून छपरापर्यंतच्या कमानी, सज्जे, खांब आणि दगडी नक्षी बहुतेक ठिकाणी शाबूत आहे. त्याखालचे दहा-बारा फूट मात्र आजचे आहेत: दुकानांच्या काचा, एटीएम, फ्लेक्सच्या पाट्या, पेव्हर ब्लॉक, वाहने अडवणारे ठेंगणे खांब (बोलार्ड), विजेच्या पेट्या, सीसीटीव्हीचे खांब, उभ्या केलेल्या दुचाक्या. छपरांच्या वरचे आकाशही आजचेच आहे. टाऊन हॉलच्या शेजारी रिझर्व्ह बँकेची उंच इमारत उभी आहे, आणि दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजाराचा १९८० सालचा मनोरा फोर्टमधल्या कितीतरी कोनांतून मध्येच डोके वर काढतो. त्यामुळे इमारत सुंदर आहे म्हणून लोकेशन पक्के करू नका. खालचे दहा फूट झाकता येतील का आणि वरचा मनोरा टाळता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पक्के करा.

वरचा भाग संगणकावर पुसून टाकू, असे दिग्दर्शक सहज म्हणतात. कॅमेरा स्थिर असेल आणि मनोऱ्यापुढून काही हलत नसेल तर ते काम खरोखरच स्वस्तात होते. परंतु मनोऱ्यापुढे झाडाची फांदी डोलत असेल, कबुतरांचा थवा उडत असेल किंवा कॅमेरा ट्रॉलीवर असेल, तर त्याच दोन सेकंदांच्या दृश्याचा खर्च कितीतरी वाढतो. म्हणून रेकीला कलादिग्दर्शकाबरोबर व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकीय दृश्यपरिणामांचा, माणूसही न्यावा आणि प्रत्येक कोन उभ्या-उभ्याच तपासून घ्यावा. छायाचित्रे पाहून नंतर ठरवू, या सवयीमुळे या भागात पैसे वाया जातात.

कालखंडाच्या दृष्टीने तुमचे दशक सोयीचे आहे. फोर्टच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या, त्यानंतर ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडे विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही गॉथिक शैलीतील रांग उभी राहिली, आणि मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको शैलीतील इमारती १९३० च्या आणि ४० च्या दशकांत बांधल्या गेल्या. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. म्हणजे १९४५ च्या कथेत ओव्हलची एक बाजू जुनी आणि दुसरी अगदी नवी कोरी दिसायला हवी. आर्ट डेको इमारतीवर डाग आणि ओघळ दाखवून तिला 'जुनी' करण्याचा मोह कलाविभागाला होतो; तुमच्या पात्रांसाठी ती इमारत कालपरवा रंगवलेली आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

कोणती बाजू कधी चित्रित करायची हे सूर्य ठरवतो, आणि फोर्टमध्ये हा मुद्दा परवान्यांइतकाच महत्त्वाचा आहे. गॉथिक रांगेचे दर्शनी भाग पश्चिमेला आहेत, त्यामुळे त्यांवर ऊन दुपारनंतर येते. आर्ट डेको रांग पूर्वाभिमुख आहे, तिला सकाळ लाभते. १८३३ साली बांधून झालेला टाऊन हॉल, म्हणजे आपल्या सर्वांच्या बोलण्यातली एशियाटिक (एशियाटिक सोसायटीची इमारत), हाही पश्चिमाभिमुख आहे. त्याच्या तीस पायऱ्या आणि डोरिक खांब हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे न्यायालय म्हणून वापरले आहेत, कारण उच्च न्यायालयाची इमारत चित्रीकरणासाठी मिळेल असे धरून चालता येत नाही. अडचण अशी की पायऱ्या रिकाम्या मिळतात त्या रविवारी सकाळी, आणि त्या वेळी इमारत सावलीत असते व तिच्यामागचे आकाश लख्ख असते. खांबांवर सुंदर तिरपे ऊन येते ते दुपारी उशिरा, आणि तोवर पायऱ्यांवर मंडळी येऊन बसू लागलेली असतात. यावर मी नेहमी एकच तोड सुचवतो: संवादांची जवळची दृश्ये सकाळच्या सावलीत घ्यावीत, कारण तो प्रकाश मऊ असतो आणि चेहऱ्यांना मानवतो, आणि संपूर्ण इमारत दाखवणारी एक-दोन लांबची दृश्ये दुपारी तीन-चारच्या सुमारास, आधीच्या सगळ्या तालमी उरकून, थोड्या वेळात आटोपावीत. दिवसभर पायऱ्या अडवून ठेवण्याची योजना आखू नये. ते परवानगीत बसले तरी लोकांच्या पचनी पडत नाही.

एशियाटिकच्या आतल्या दालनांची इच्छा बहुतेकांना होते. ते चालते ग्रंथालय आहे आणि तिथे अतिशय जुनी हस्तलिखिते आहेत, त्यांत दान्तेच्या महाकाव्याची एक मध्ययुगीन प्रतही आहे. जड दिवे, धूर आणि शंभर माणसांचा राबता अशा जागी नेण्याचा विचारही मला पटत नाही. ग्रंथालयाचे दालन सेटवर उत्तम उभारता येते. पायऱ्या उभारता येत नाहीत.

बॅलार्ड इस्टेट हे तुमच्या कामासाठी सर्वांत सोपे ठिकाण आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती भरून ही जमीन तयार झाली आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९१४ ते १९१८ च्या सुमारास तिथे कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांची उंची जवळपास सारखी आहे, शैली एक आहे, रस्ते रुंद आहेत आणि वस्ती जवळजवळ नाही. रविवारी हा भाग इतका रिकामा असतो की मुले रस्त्यावर क्रिकेट खेळतात. (त्या मुलांना हुसकावू नका. आदल्या रविवारी जाऊन त्यांच्याशी बोला. वेळ वाटून घेता येते, आणि दोघे-चौघे हौसेने गर्दीत उभेही राहतात.) हिंदी चित्रपटांनी बॅलार्ड इस्टेटला अनेकदा लंडन म्हणून खपवले आहे, आणि नेमके त्यामुळेच तुम्ही सावध राहायला हवे. इथे नुसत्या इमारती दाखवल्या तर मुंबई दिसत नाही. हमाल, कारकून, पारशी डगला, गुजराती पाटी, गोदीकडे निघालेली बैलगाडी यांतले काहीतरी चौकटीत असल्याशिवाय प्रेक्षकाला आपण कुठे आहोत ते कळणार नाही.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. आज दुकानांच्या पाट्यांवर मोठ्या देवनागरी अक्षरांत नाव असते, आणि ते कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या काळातील फोर्टमध्ये इंग्रजी पाट्यांचे प्राबल्य होते, त्यांच्या जोडीला गुजराती होती आणि मराठीही होती. म्हणून आजच्या पाट्या झाकाव्या लागतात. झाकण्यासाठी त्यांच्यावर काहीही चिकटवू किंवा ठोकू नये. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी लाकडी चौकट करावी, तिला वाळूच्या पिशव्यांचा भार द्यावा आणि तिच्यावर हाताने रंगवलेली पाटी बसवावी. संगणकावर छापलेले अक्षर कितीही जुन्या वळणाचे निवडले तरी जवळून पाहताच उघडे पडते. पाट्या रंगवणारे कारागीर अजून आहेत, आणि त्यांचे दोन दिवसांचे काम एका मोठ्या दिव्याच्या भाड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भिंतींना हात न लावण्याचा नियम मी कलाविभागाला लेखी देतो. इथल्या इमारतींत कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे, पोरबंदरचा चुनखडीचा दगड आहे, काळा बेसाल्ट आहे; १९१३ साली पूर्ण झालेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या एकाच इमारतीत बेसाल्ट, कुर्ल्याचा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड एकत्र आहेत. चुनखडीचा दगड सच्छिद्र असतो. धुराच्या यंत्रातील तेलकट फवारा, चिकटपट्टीचा गोंद, चहाचा डाग यांतले काहीही तो शोषून घेतो आणि नंतर पुसून निघत नाही. शिवाय यांतल्या कितीतरी इमारती महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणीनिहाय नोंदलेल्या आहेत, आणि त्यांच्या दर्शनी भागात बदल करायचा म्हटले की वारसा समितीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर मात्र काम करता येते. डांबर आणि पांढरे पट्टे मुलतानी मातीच्या थराखाली झाकावेत किंवा दृश्य पहाटेचे करून रस्ता पाण्याने भिजवावा. ओल्या रस्त्यावर डांबर, सिमेंट आणि पट्टे यांतला फरक बराच पुसट होतो.

कमानींच्या ओवऱ्या, म्हणजे तळमजल्याशी कमानीखालून जाणारा झाकलेला पदपथ, असलेल्या इमारती आधी शोधाव्यात. हॉर्निमन सर्कलभोवतीची वर्तुळाकार रांग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कमानीखाली सावली असल्यामुळे आतल्या दुकानांच्या काचा आपोआप अंधारात जातात, आणि कमानीपुढे दोन जुन्या मोटारी व काही माणसे उभी केली की तळमजल्याचा प्रश्न निम्मा सुटतो. दादाभाई नौरोजी मार्गावरही अशाच ओवऱ्या आहेत. तिथे मात्र वाहतूक आणि फेरीवाले इतके आहेत की लांबच्या दृश्याचा नाद सोडावा.

फ्लोरा फाउंटन, म्हणजे हुतात्मा चौक, टाळा. १९४० च्या दशकात तिथे ट्राम होती. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. रूळ, वरच्या तारा आणि ट्राम यांच्याविना त्या काळातला हा चौक खोटा वाटेल, आणि ते सगळे उभारणे मालिकेच्या खर्चात बसणार नाही. हुतात्मा स्मारकही नंतरचे आहे, आणि ते झाकण्याचा विचार कोणी बोलूनही दाखवू नये.

परवान्यांबाबत थोडक्यात. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे आणि अर्ज महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत करता येतो. त्यामुळे धावपळ कमी होते, परंतु जमिनीचा आणि इमारतीचा मालक बदलत नाही. फोर्ट महापालिकेच्या ए विभागात येतो. बॅलार्ड इस्टेटची जमीन बंदर प्राधिकरणाची आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेचे आहे आणि तिथली परवानगी रेल्वेकडूनच घ्यावी लागते. खासगी इमारतींत मालक एक, विश्वस्त दुसरे आणि पिढ्यानपिढ्यांचे भाडेकरू तिसरेच असतात. मालकाशी करार झाला म्हणून तळमजल्यावरचा दुकानदार शटर बंद ठेवायला बांधील नसतो. जिना, सज्जा आणि गच्ची यांतल्या प्रत्येकासाठी कोणाची संमती लागते हे वेगवेगळे विचारून, लेखी घ्यावे. पोलीस ठाण्याची हद्दही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना बदलू शकते, तेव्हा बेस कॅम्प (युनिटच्या गाड्यांचा तळ) कोणत्या हद्दीत आहे आणि कॅमेरा कोणत्या हद्दीत आहे हे नकाशावर आखून घ्यावे, आणि वाहतूक पोलिसांकडचे पत्र स्वतंत्रपणे मिळवावे.

काही गोष्टींच्या मागे लागून वेळ घालवू नये. १९४० चे दशक म्हटले की लेखकांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतील स्फोट आणि फेब्रुवारी १९४६ चे नौसैनिकांचे बंड हटकून आठवते, आणि दोन्ही घटना इथूनच हाकेच्या अंतरावर घडल्या. परंतु गोदी हे सुरक्षित क्षेत्र आहे, आणि बंडातली कॅसल बॅरॅक्स म्हणजे आजचे नौदलाचे आयएनएस आंग्रे. त्या बाजूला कॅमेरा रोखणेही टाळावे. टाऊन हॉलजवळच टाकसाळ आणि रिझर्व्ह बँक असल्यामुळे त्या परिसरात सशस्त्र पहारा असतो, म्हणून नकली बंदुका बाहेर काढण्यापूर्वी पोलिसांना आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना वेळेसह कळवावे. गोळीबाराचा आवाज तर तिथे करूच नये. तो नंतर ध्वनिमुद्रणात घालता येतो. नौदलाचा परिसर लागून असल्यामुळे ड्रोनची आशाही धरू नये. उंचावरून दृश्य हवे असेल तर एखाद्या गच्चीची परवानगी मिळवणे अधिक शहाणपणाचे. घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी घातली आहे, आणि चित्रीकरणात कोणताही प्राणी वापरायचा झाल्यास प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. वर उल्लेखिलेल्या बैलगाडीलाही ती लागेल. घोडा मिळेलच या भरवशावर प्रसंग लिहू नका.

रात्रीच्या चित्रीकरणाबाबत माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. रात्री फोर्ट रिकामा असतो म्हणून सगळे रात्रीकडे वळतात. परंतु रस्त्यावरचे दिवे आता पांढऱ्या एलईडीचे आहेत, मोठ्या इमारतींवर सजावटीची रोषणाई असते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. प्रत्येक दिवा बंद करून घेण्यासाठी किंवा झाकण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागतो, त्यात आठवडे जातात. तुमच्या कथेला मात्र एक फायदा आहे: महायुद्धाच्या काळात मुंबईत हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे झाकले जात. त्यामुळे मोजके, खाली वळवलेले, पिवळे दिवे आणि बाकी काळोख अशी रात्र इतिहासालाही धरून होईल आणि काळोखात आजच्या कितीतरी वस्तू लपतील. रात्रीचे प्रसंग १९४२-४३ मध्ये नेता येत असतील तर लेखकाशी बोलून पाहा.

ध्वनीचा विचार शेवटी केला जातो, आणि तसा तो करू नये. रविवारी सकाळी वाहने नसतात, परंतु वातानुकूलन यंत्रांची घरघर असते, कावळे असतात, कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते आणि ओव्हलजवळ राजाबाई टॉवरचे घड्याळ टोले देत असते. घड्याळाचे टोले तुमच्या काळाला शोभतात, पण संवादाच्या मध्येच पडले तर संकलकाला ते जोडता येत नाहीत. ध्वनिमुद्रकाला रेकीला नेऊन तासभर नुसते ऐकू द्यावे.

युनिटच्या गाड्यांना जितकी जागा लागते तितकी कॅमेऱ्याला कधीच लागत नाही. जनरेटर व्हॅन, व्हॅनिटी व्हॅन, कपड्यांचा ट्रक, जेवणाची गाडी, जुन्या मोटारी वाहून आणणारे ट्रक हे सगळे फोर्टच्या गल्लीत उभे राहिले की चित्रीकरणाचा रस्ताच शिल्लक राहत नाही. बेस कॅम्प बॅलार्ड इस्टेटच्या कडेला किंवा एखाद्या मैदानालगतच्या वाहनतळावर ठेवून कलाकारांना छोट्या गाड्यांतून न्यावे. फोर्टमध्ये अनेक अग्याऱ्या आहेत. त्यांच्या दारासमोर गाड्या, जेवणाच्या पंगती किंवा दिव्यांचे स्टँड येणार नाहीत याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्यावी. पदपथावरचे पुस्तकविक्रेते आणि इतर फेरीवाले यांचा त्या दिवसाचा धंदा बुडणार असेल तर त्याची भरपाई आदल्या दिवशीच ठरवून द्यावी. हे दान नाही, हा लोकेशनचा खर्च आहे, आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ असावी.

आता सेटचा प्रश्न. १९६० च्या दशकातील मुंबईवरच्या 'बॉम्बे वेल्वेट' या २०१५ च्या चित्रपटाने शहर श्रीलंकेत उभारले होते, ते काही हौसेने नव्हे. गर्दी, वाहने, ट्राम, दंगल, पाऊस आणि रात्र हे सगळे एकाच प्रसंगात हवे असेल तर खरा रस्ता तुम्हाला तेवढा वेळ देऊ शकत नाही. तुमच्या मालिकेसाठी मी अशी वाटणी सुचवेन: ज्या प्रसंगात पात्रे इमारतीच्या प्रमाणापुढे लहान दिसायला हवीत, चालताना, पायऱ्या चढताना, कमानींतून येताना, ते प्रसंग फोर्टमध्ये; आणि जिथे पात्रे बसून बोलतात, भांडतात, मारामारी करतात किंवा जिथे दुकानाच्या आत जायचे आहे, ते सगळे सेटवर. खऱ्या जागेतील कमानीची आणि खांबाची मापे घेऊन त्यांचा खालचा दहा-बारा फुटांचा भाग सेटवर बनवला, तर रुंद दृश्य फोर्टमधले आणि जवळचे दृश्य सेटवरचे असूनही जोड दिसत नाही. उन्हाची दिशा आणि रस्त्याचा ओलेपणा दोन्हीकडे सारखा ठेवला म्हणजे झाले.

मालिकेला चित्रपटापेक्षा एक जास्तीची अडचण असते: तुम्हाला पुन्हा यावे लागते. पहिल्या भागात दाखवलेली इमारत सातव्या भागाच्या वेळी बांबूंच्या परांचीत आणि हिरव्या जाळीत गुंडाळलेली असू शकते, कारण इथे दुरुस्त्या सतत चालू असतात. मेट्रोच्या भुयारी मार्गाच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांनी या भागातले कितीतरी कोन वर्षानुवर्षे अडवून ठेवले होते. म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाला पुढच्या वर्षभरातल्या दुरुस्त्या आधीच विचारा, एकाच जागेची सर्व भागांतील बाहेरची दृश्ये एकत्र घ्या, आणि पॅकअपपूर्वी माणसे नसलेली रिकामी दृश्ये प्रत्येक कोनातून, सकाळच्या व दुपारच्या प्रकाशात, नोंद करून ठेवा. पुढे परत येणे जमले नाही तर तीच दृश्ये सेटवरच्या खिडकीबाहेर लावता येतात.

रेकीला जाताना वॉटसन हॉटेलकडे, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनकडे, एक फेरी मारा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम तिथे दाखवली गेली. इमारत मोडकळीला आलेली आहे, त्यामुळे चित्रीकरणासाठी तिचा विचार करू नका. पण तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा कलादिग्दर्शकाने जवळून पाहावा, कारण तशा खांबांचे आणि सज्जांचे तपशील सेटवरच्या हॉटेलसाठी उपयोगी पडतील.